ॲक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते? ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीतला दोष असा शोधा

तक्रार साधी होती. गाडी ४० ते ७० च्या वेगात असताना ॲक्सिलरेटर जोरात दाबला की सगळी गाडी आडवी थरथरायची. स्टेअरिंग फारसं नाही, पण सीट, डॅशबोर्ड, मागच्या सीटवर ठेवलेली पाण्याची बाटली, सगळं हलायचं. पाय उचलला की दुसऱ्या क्षणाला गाडी शांत. घरचे चार जण आणि सामान असलं की थरथर जास्त, एकटा असलो की कमी.

पुढच्या दोन महिन्यांत मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. व्हील बॅलन्सिंग दोनदा केलं. अलाइनमेंट केलं. पुढचे दोन टायर मागे, मागचे पुढे करून पाहिले. एका गॅरेजमध्ये इंजिनाचं एक फाउंडेशन बदललं. दुसऱ्या गॅरेजने "फोर-व्हील गाडी आहे, प्रोपेलर शाफ्ट गेला असणार" म्हणून ₹४०,००० च्या आसपासचा अंदाज हातात दिला. तिथे मात्र मी थांबलो. कारण तोपर्यंत एक गोष्ट लक्षात आली होती: प्रत्येकाने भाग सुचवला, पण गाडी नेमकी केव्हा थरथरते हे कोणीच नीट विचारलं नव्हतं. मीही नाही.

ताकद चाकापर्यंत कशी जाते

आपल्याकडच्या बहुतेक ऑल-व्हील-ड्राइव्ह एसयूव्ही मुळात पुढची चाकं चालवणाऱ्या गाड्या असतात. इंजिन पुढे, आडवं बसवलेलं. गिअरबॉक्समधून ताकद पुढच्या डिफरन्शियलला जाते आणि तिथून दोन एक्सल शाफ्ट पुढच्या दोन चाकांना फिरवतात. त्याच गिअरबॉक्सला एक जास्तीची पेटी जोडलेली असते. ती ताकदीचा एक वाटा काटकोनात वळवून मागे पाठवते. हा वाटा गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या लांब प्रोपेलर शाफ्टमधून मागे जातो. शाफ्ट सहसा दोन तुकड्यांचा असतो आणि मधे रबरात बसवलेल्या सेंटर बेअरिंगवर टेकलेला असतो. मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी एक क्लचसारखं कपलिंग असतं. गरज पडली की कॉम्प्युटर ते आवळतो आणि मागची चाकंही ओढायला लागतात.

आता मोजा. प्रत्येक चाकाला एक एक्सल शाफ्ट, प्रत्येक शाफ्टला आत एक आणि बाहेर एक जॉइंट. म्हणजे चार चाकांचे आठ जॉइंट. त्यात प्रोपेलर शाफ्टचे दोन-तीन जॉइंट, सेंटर बेअरिंग, कपलिंग, दोन डिफरन्शियल आणि इंजिन-गिअरबॉक्सची फाउंडेशनं. साध्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत यातलं निम्मं सामान नसतंच. संशयितांची यादी एवढी लांब असल्यामुळेच अंदाजाने भाग बदलणं या गाड्यांमध्ये फार महाग पडतं.

आधी तीन प्रश्न

थरथर कशाला बांधलेली आहे? गाडीच्या वेगाला, इंजिनाच्या फेऱ्यांना, की जोराला? हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि तिन्हींची उत्तरं एका सकाळी, एक पैसा न घालवता मिळतात. मी पहाटे सोलापूर रस्त्यावर यवतच्या पुढे एक मोकळा सरळ पट्टा गाठला. शेजारी आकडे लिहायला माझा भाचा होता. (हे काम एकट्याने करू नका. रस्त्याकडे बघायचं की फोनकडे, असा प्रश्न पडता कामा नये. आणि निघण्याआधी चाकांचे नट आवळलेले आहेत ना, टायरला कुठे फुगवटा नाही ना, हे पाहून घ्या.)

पहिली चाचणी फाउंडेशनची. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, इंजिन हळूहळू ३००० फेऱ्यांपर्यंत नेलं. काही नाही. थरथर इथेच आली असती तर चाकं, शाफ्ट, जॉइंट सगळे निर्दोष ठरले असते, कारण गाडी उभी असताना ते फिरतच नाहीत. हे करायला दोन मिनिटं लागतात. मी हे आधी केलं असतं तर फाउंडेशनवर खर्च करण्यापूर्वी किमान दोनदा विचार केला असता. एक अपवाद मात्र आहे. फाउंडेशन फाटलेलं असेल तर कधीकधी जोर आल्यावरच इंजिन वाकडं होऊन धातूला टेकतं, आणि उभ्या गाडीत ते दिसत नाही.

दुसरी चाचणी गिअरची. ६० च्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला, मग त्याच वेगाला चौथ्यात. इंजिनाच्या फेऱ्या बदलल्या, पण थरथरीची लय तीच राहिली. म्हणजे दोष इंजिनात किंवा क्लचमध्ये नाही, गिअरबॉक्सच्या पुढे कुठेतरी आहे.

तिसरी चाचणी जोराची. ६५ ला थरथर पूर्ण भरात असताना पाय उचलला आणि गिअर न्यूट्रलला टाकला. इंजिन चालूच ठेवायचं. चावी बंद केली तर ब्रेकची आणि स्टेअरिंगची मदत जाते, तेव्हा तो विचारही नको, आणि घाटात तर ही चाचणीच नको. गाडी त्याच वेगाने पळत होती, चाकं तेवढीच फिरत होती, प्रोपेलर शाफ्टही तेवढाच फिरत होता. थरथर मात्र शून्य.

या एका निरीक्षणाने बॅलन्सिंगचा विषय मिटला. बॅलन्स बिघडलेलं चाक किंवा वाकलेली रिम वेगाने फिरली की हलवतेच, तुम्ही जोर द्या अथवा देऊ नका. दोनदा बॅलन्सिंग करून फरक पडला नाही, यात बॅलन्सिंगवाल्याची काहीच चूक नव्हती. मी चुकीच्या दुकानात गेलो होतो.

फोनमधला आकडा

जोर आल्यावरच थरथरणारे आणि वेगाला बांधलेले भाग कोणते? आतले जॉइंट, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, सेंटर बेअरिंग. पण यातला नेमका कोणता?

इथे फोन कामाला येतो. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये त्वरण मोजणारा सेन्सर असतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं 'फायफॉक्स' नावाचं मोफत ॲप तो सेन्सर वाचतं आणि थरथर सेकंदाला किती वेळा होते, म्हणजे किती हर्ट्झची आहे, त्याचा आलेख काढून देतं. फोन मांडीवर ठेवू नका. दुहेरी टेपने सीटच्या लोखंडी पट्टीला किंवा मधल्या कन्सोलला घट्ट चिकटवा. वेग स्पीडोमीटरवरून न घेता जीपीएसवरून घ्या, कारण स्पीडोमीटर बहुधा थोडा जास्तच दाखवतो.

आता गणित. माझे टायर २१५/६५ आर १६. रिम १६ इंच म्हणजे ४०६ मिलिमीटर. टायरच्या भिंतीची उंची २१५ च्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १४० मिलिमीटर, ती वर आणि खाली अशी दोनदा. एकूण व्यास साधारण ६८६ मिलिमीटर. परीघ २.१५ मीटर भरतो, पण वजनाखाली टायर थोडा दबतो म्हणून एका फेरीत गाडी सुमारे २.०९ मीटर पुढे जाते असं धरलं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. भागाकार केला की चाकाच्या सेकंदाला ८ फेऱ्या.

म्हणजे ६० च्या वेगाला:

चाकात किंवा टायरमध्ये एकाच जागी दोष असेल तर ८ हर्ट्झ.
एक्सलच्या आतल्या तीन-रोलरच्या जॉइंटमध्ये असेल तर फेरीला तीन धक्के, म्हणजे २४ हर्ट्झ.
प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या अडीचपट फिरतो असं धरलं, तर त्याचा बॅलन्स बिघडल्यास २० हर्ट्झ आणि क्रॉस खराब असल्यास त्याच्या दुप्पट, ४० हर्ट्झ.
चार सिलिंडरचं इंजिन २४०० फेऱ्यांवर असेल तर ८० हर्ट्झ, कारण एका फेरीत दोन सिलिंडर पेटतात.

क्रॉसचा आकडा दुप्पट का, हे जरा सांगायला हवं. क्रॉसचा जॉइंट, ज्याला सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूक यांच्या नावाने हूकचा जॉइंट असंही म्हणतात, कोनात वाकून फिरताना पलीकडचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरवत नाही. एका फेरीत तो दोनदा किंचित पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दोन क्रॉस योग्य दिशेने बसवले की एकाची चूक दुसरा खोडून काढतो. म्हणूनच प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण करून घ्यायची असते. खूण न करता काढला आणि फिरवून बसवला, तर चांगल्या गाडीतही नवी थरथर पैदा होते.

माझ्या आलेखात ४० च्या वेगाला १६, ५० ला २० आणि ६० ला २४ हर्ट्झवर उंच टोक आलं. प्रत्येक वेळी चाकाच्या फेऱ्यांच्या बरोबर तिप्पट. भाच्याने वहीवरून मान वर केली आणि म्हणाला, "मामा, हे तीन कुठून आलं?"

फोनच्या आकड्यावर विश्वास ठेवताना दोन गोष्टी सांभाळा. एक, सेन्सर सेकंदाला १०० वेळा मोजत असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं त्याला खरं दिसत नाही. वरची थरथर कधीकधी खालच्या आकड्याचं सोंग घेऊन येते. ८० हर्ट्झचं इंजिन २० हर्ट्झवर दिसू शकतं. म्हणून एकाच वेगाचा आकडा पुरेसा नसतो, तीन-चार वेगांना मोजा आणि टोक वेगाबरोबर सरळ सरकतं का ते पाहा. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. काही गाड्यांत प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या जवळजवळ तिप्पट फिरतो. तिथे शाफ्टचा बॅलन्स आणि तीन-रोलरचा जॉइंट दोघांचा आकडा एकच येणार! अशा वेळी पुन्हा न्यूट्रलची चाचणी आठवा. बॅलन्स बिघडलेला शाफ्ट न्यूट्रलमध्येही हलवत राहतो, जॉइंट मात्र गप्प बसतो.

टू-व्हीलचं बटण

तीन म्हणजे आतला जॉइंट, हे कळलं. पण असे आतले जॉइंट चार आहेत. पुढचा की मागचा?

माझ्या गाडीत टू-व्हील, ऑटो आणि लॉक असं निवडायचं बटण आहे. टू-व्हीलवर टाकलं की मागचं कपलिंग सुटतं. प्रोपेलर शाफ्ट फिरतच राहतो, पण त्यातून ताकद जात नाही. सगळी ओढ पुढच्या दोन एक्सलवर येते. तोच रस्ता, तोच वेग, तेवढाच पाय. थरथर कमी झाली असती तर मागे शोधायचं होतं. ती किंचित वाढली. ज्या प्रोपेलर शाफ्टसाठी माझ्याकडून ₹४०,००० मागितले जात होते, तो बिचारा रिकामा फिरत असताना थरथर वाढली होती.

तुमच्या गाडीत असं बटण नसेल तर कुणाच्या सांगण्यावरून फ्यूज उपटू नका, आणि प्रोपेलर शाफ्ट काढून गाडी चालवून पाहायचीही घाई नको. काही रचनांमध्ये ते चालतं. पण मधे स्वतंत्र डिफरन्शियल असलेल्या गाडीत सगळी ताकद मोकळ्या टोकाकडे पळते, गाडी जागची हलत नाही आणि आतली चाकं-दाती घासली जातात. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते पाहिल्याशिवाय हा प्रयोग नको.

मिस्त्रींचा प्रश्न

वही घेऊन मी एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आकडे पाहिले नाहीत. गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढच्या चाकाच्या कमानीत हात घातला आणि विचारलं, "साहेब, गाडी कधी उचलली?"

मी विसरलोच होतो. कोकणातल्या घराकडे जाणारा शेवटचा तीन किलोमीटरचा रस्ता कच्चा आहे, पोट घासतं, म्हणून पावसाळ्याआधी मी चारही स्प्रिंगवर ३० मिलिमीटरचे स्पेसर बसवून घेतले होते. बसवणाऱ्याने शोभेसाठी गाडी आणखी उंच करून देतो म्हटलं होतं, त्याला नको म्हणालो आणि स्वतःला शहाणा समजलो.

झालं काय, ते समजायला त्या जॉइंटच्या आत डोकवावं लागेल. एक्सलच्या टोकाला तीन बोटांचा तारा असतो, प्रत्येक बोटावर एक रोलर. हे तीन रोलर एका जाड पेल्यासारख्या कवचातल्या तीन खाचांत बसतात. चाक वर-खाली झालं की रोलर खाचेत मागे-पुढे सरकतात, त्यामुळे शाफ्टची लांबी जुळत राहते. शाफ्ट जवळपास सरळ असतो तेव्हा हे सरकणं गुळगुळीत असतं. पण कोन वाढला आणि वरून जोर आला की रोलर खाचेत घासत, अडकत चालतात आणि शाफ्टला आत-बाहेर ढकलतात. तीन रोलर, म्हणून एका फेरीत तीन ढकल. ढकल शाफ्टच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे गाडीला आडवी. सीट आडवी का हलत होती आणि स्टेअरिंग का फारसं नाही, त्याचंही उत्तर इथेच मिळालं.

बाकीची लक्षणंही बसली. जोरात पाय दिला की गाडीचं नाक वर उठतं आणि पुढच्या शाफ्टचा कोन आणखी वाढतो. मागे माणसं आणि सामान असलं की नाक आधीच थोडं वर असतं. स्पेसरने तर तो कोन कायमचाच वाढवून ठेवला होता.

डावा जॉइंट उघडला. रबरी बूट शाबूत होता, ग्रीस बाहेर आलेलं नव्हतं, म्हणूनच आधीच्या दोन्ही गॅरेजनी खालून टॉर्च मारून "एक्सल ओके" म्हटलं होतं. कवच पुसल्यावर तिन्ही खाचांत नखाला लागेल एवढा खड्डा होता, चकचकीत घासलेला. बाहेरचा जॉइंट खराब झाला की वळताना कट-कट आवाज करून सांगतो. आतला असा आवाज सहसा करत नाही, आणि बूट फाटलेला नसेल तर बाहेरून काही दिसतही नाही.

मी म्हटलं, "नवीन टाकू या." मिस्त्री म्हणाले, "टाकू. पण आधी ते स्पेसर काढायचे. नाहीतर पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा इथेच."

तुमचं लक्षण वेगळं असेल तर

निघताना, शून्य ते २५-३० च्या वेगात, विशेषतः भरलेल्या गाडीत चढावर धडधड होत असेल, तर सेंटर बेअरिंगकडे आधी पाहा. त्याचं रबर तडकलं की जोर येताच शाफ्टचा मधला भाग उसळतो. याकडे दुर्लक्ष करू नका. थरथरीबरोबर पोटाखालून धातूचा खणखणाट येत असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, उचलून न्या. धावत्या गाडीखाली सुटलेला शाफ्ट ही भयानक गोष्ट आहे.

ऑटोमॅटिक गाडी हलक्या पायावर, एका ठरावीक वेगाला, खडबडीत पट्टीवरून गेल्यासारखी हलते का? मग टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक होणारं क्लच संशयित. अनेक गाड्यांत ॲक्सिलरेटर तसाच धरून ब्रेकला किंचित स्पर्श केला की ते क्लच सुटतं आणि थरथर त्या क्षणी थांबते. एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल तरी जोर आल्यावर गाडी हिसके देते, तेव्हा इंजिनाचा दिवा लागला असेल तर सगळ्यात आधी स्कॅनर लावा. क्लचवाली गाडी फक्त पहिल्या गिअरला निघतानाच हलत असेल तर शाफ्टपर्यंत जायची गरज बहुधा नाही.

आणि टायर. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये दोन नवे, दोन जुने टायर ही चैन परवडत नाही. नव्या-जुन्यात ४ मिलिमीटर नक्षीचा फरक असेल तर व्यासात ८ मिलिमीटरचा, म्हणजे माझ्या टायरवर सव्वा टक्क्याच्या आसपास फरक पडतो. कपलिंगला मग सरळ रस्त्यावरही पुढची आणि मागची चाकं वेगळ्या गतीने फिरताना दिसतात आणि ते तापत राहतं. पार्किंगमध्ये पूर्ण वळण घेताना गाडी अडखळते, कण्हते, ते यामुळेही असतं. किती फरक चालतो ते तुमच्या गाडीच्या पुस्तकात असतं.

गॅरेजला गेलात आणि त्यांनी गाडी लिफ्टवर उचलून, चाकं लोंबकळत ठेवून, गिअर टाकून ॲक्सिलरेटर दिला, तर तिथे दिसणाऱ्या थरथरीवर भिस्त ठेवू नका. चाकं लोंबली की सगळ्या शाफ्टचे कोन नेहमीपेक्षा खूप जास्त होतात आणि चांगला जॉइंटही उड्या मारतो. दोनच चाकं उचलून तर या गाड्या अजिबात पळवू नयेत. कपलिंग आवळलं तर जमिनीवरची चाकं गाडी पुढे ढकलतील.

स्पेसर निघाले, डावा एक्सल नवा बसला. उजवा उघडून पाहिला, त्याच्या खाचा गुळगुळीत होत्या म्हणून ग्रीस बदलून तोच ठेवला. पुढच्या रविवारी पुन्हा यवत. भाच्याने आलेख दाखवला: २४ वरचं टोक गेलं होतं. ८ वर मात्र एक छोटंसं टोक अजून उभं होतं, आधी मोठ्या टोकाच्या सावलीत ते दिसलंच नव्हतं. घरी येऊन पाहिलं तर मागच्या उजव्या रिमवरचं चिकटवलेलं शिशाचं वजन गळून पडलं होतं. म्हणजे तिसऱ्यांदा बॅलन्सिंग. गावाकडच्या रस्त्यावर आता पोट पुन्हा घासतं, शेवटच्या चढाआधी माणसं खाली उतरतात.